मार्क सारखे, नंबर दुसरा

डॉर्टमुंड,
१८ जून २०२३

ती. आबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "मार्क सारखेच पडले म्हणतोस, मग पहिला नंबर त्यांचा कसा काय?" मी काही बोलायच्या आत दादानं फोन घेतला अन् बियाण्याचं काढलं, ते तसंच राहिलं. मोबाइलवरचं लांबलचक तुम्हाला वाचवत नाही, म्हणून कागदावर लिहितोय, मोठ्या अक्षरात. बंट्याकडून वाचून घेऊ नका, तो मधलं गाळतो.

तर त्याचं असं आहे. इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, फुटबॉल लीगला बुंडेसलीगा म्हणतात. अठरा संघ, प्रत्येकाशी दोनदा गाठ, एकदा आपल्या मैदानावर अन् एकदा त्यांच्या, असे ३४ सामने. जिंकलं तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक. शेवटी फायनल-बियनल काही नसते, ऑगस्टपासून मेपर्यंत जो जास्त गोळा करील त्याची ट्रॉफी. यंदा आमच्या डॉर्टमुंडचे ७१ झाले अन् म्युनिकच्या बायर्नचेही ७१. मग केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करतात. त्यांचे उरले ५४, आमचे ३९. दादाला रनरेट म्हणून सांगा, लगेच कळेल. त्याचं काय, आयपीएलच्या फायनलमध्ये त्याच्या पिवळ्यांना, चेन्नईला, शेवटच्या दोन चेंडूंवर दहा हवे होते अन् जडेजानं षटकार-चौकार मारून दिले. आमचे पिवळे, डॉर्टमुंडवाले, त्याच्या दोनच दिवस आधी घालवून बसले होते.

"आमचे" म्हटलं म्हणून आई हसत असेल. पण या गावात राहून दुसरं काही म्हणता येत नाही. कोळशाच्या खाणी अन् पोलादाचे कारखाने यांवर हे गाव उभं राहिलं, दोन्ही गेले. उरला तो १९०९ सालचा हा क्लब. सामन्याच्या दिवशी ट्राममध्ये म्हातारी, पोरं, कडेवरचं लेकरू, सगळे पिवळे. मैदानात ८१ हजार माणसं मावतात, त्यातली जवळपास २५ हजार दक्षिणेकडच्या एकाच स्टँडमध्ये उभी असतात. बसायला खुर्चीच नाही. माळेगावच्या यात्रेत भंडारा उधळल्यावर कसं दिसतं, तसं ते सगळं दिसतं बघा.

आता मुद्द्याचं. इथं कुणालाही विचारा, बायर्न का जिंकतं? एकच उत्तर, पैसा. ते खोटं नाही. डॉर्टमुंडनं २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन वर्षं लीग मारली. लगेच २०१३ मध्ये बायर्ननं ग्योट्झेला उचललं, लहानपणापासून इथं वाढलेलं पोरगं. पुढच्या वर्षी लेव्हान्डोव्स्की करार संपताच तिकडं गेला, तोही फुकटात. २०१६ मध्ये हुमेल्स. (तो नंतर परत आला, ते सोडा.) अन् २०१३ पासून गेल्या वर्षापर्यंत सलग दहा वर्षं बायर्नच. गंमत म्हणजे वीसेक वर्षांपूर्वी हा क्लब बुडायला आला होता, तेव्हा याच बायर्ननं २० लाख युरो उसने दिले होते. सावकार चांगला की वाईट हे तुम्हीच ठरवा.

पण आबा, यंदा हे कारण सांगायला आम्हाला तोंड नाही. यंदा बायर्नचंच घर फिरलं होतं. मार्चमध्ये त्यांनी कोच काढला, नवा आणला, तो आमच्याकडचाच जुना, टुखेल. एप्रिलमध्ये माइन्झकडून ३-१ नं हरले. २० मे रोजी स्वतःच्या मैदानावर लाइपझिगकडून हरले, ३-१ नंच. दुसऱ्या दिवशी आम्ही ऑग्सबर्गला जाऊन ३-० नं जिंकलो अन् दोन गुणांनी पुढं गेलो. नोव्हेंबरात वर्ल्डकपसाठी लीग थांबली तेव्हा आम्ही सहावे होतो, नऊ गुणांनी मागं. जानेवारीपासून सलग आठ सामने जिंकून तिथून वर आलो. म्हणजे दार उघडं होतं, ताटही वाढलेलं होतं.

मग गेलं कुठं? सगळे शेवटच्या दिवसाबद्दल बोलतात. माझ्या मते ते १५ एप्रिललाच श्टुटगार्टमध्ये गेलं. २-० नं आम्ही पुढं, पहिल्या हाफमध्येच त्यांचा एक गडी लाल कार्डानं बाहेर. दहा जणांनी आम्हाला दोन गोल परत केले. जादा वेळेत आमच्या रेनानं तिसरा मारला, सगळे नाचले, अन् सत्याण्णवाव्या मिनिटाला त्यांनी पुन्हा बरोबरी केली! ३-३. दोन आठवड्यांनी बोखुमला १-१. तिथं आमच्या आदेयेमीला गोलसमोरच्या पेटीत पाडलं, पेनल्टी दिली नाही, पंचानं नंतर स्वतः चूक कबूल केली. लोक त्या पंचाच्या नावानं अजून बोटं मोडतात. मोडू द्या. बोखुमसारख्या खालच्या संघाविरुद्ध एका पेनल्टीवर अवलंबून राहायची वेळ का यावी, हे कुणी विचारत नाही.

आता २७ मेचं ऐका. तिकीट मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून गल्लीच्या कोपऱ्यावरच्या बिअरच्या दुकानात बसलो. (आई, मी सफरचंदाचा रस घेतला होता.) दोन टीव्ही. एकावर आमचा सामना, त्याच माइन्झशी, दुसऱ्यावर बायर्न कोलोनमध्ये. जिंकलो की लीग आमची, कुणाकडं बघायची गरज नाही. २०२३ मध्ये घरच्या मैदानावर लीगचा एकही सामना बरोबरीतसुद्धा सुटला नव्हता. आठव्या मिनिटाला तिकडं बायर्नचा गोल. इकडं पंधराव्याला माइन्झचा. एकोणिसाव्याला आम्हाला पेनल्टी मिळाली. मारायला हालेर.

हा हालेर कोण, ते सांगायला पाहिजे. मागच्या जुलैमध्ये क्लबात आला अन् आल्या आल्या कॅन्सर निघाला. दोन ऑपरेशनं, केमो, अन् जानेवारीत पुन्हा मैदानावर. लीगमधला त्याचा पहिला गोल झाला ४ फेब्रुवारीला, जागतिक कर्करोग दिनी. त्याची पेनल्टी गोलकीपरनं अडवली. दुकानात एकानंही त्याला शिवी दिली नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. पाच मिनिटांत माइन्झचा दुसरा.

माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, तुमच्याच वयाचे. एका कानात रेडिओची वायर. टीव्हीवर चित्र थोडं उशिरा पोचतं, रेडिओ आधी बोलतो, हे मला तिथं कळलं. एकोणसत्तराव्या मिनिटाला गेरेरोनं आमचा एक फेडला. मग एक्क्याऐंशीव्याला कोलोनला पेनल्टी. म्हातारबांनी टेबलावर मूठ आपटली, पडद्यावर अजून चेंडू ठेवतच होते, पण आम्हाला कळलं की गोल झाला. तिकडं १-१. म्हणजे आमचा सामना आम्ही १-२ नं हरत असूनसुद्धा त्या घटकेला चॅम्पियन आम्ही! आठ मिनिटं. कुणी ओरडत होतं, कुणी हातावर गुण मोजत होतं. माझ्या तर तोंडाला कोरड पडली. मग म्हातारबांनी कानातली वायर काढली, बोटाभोवती गुंडाळली, खिशात घातली. टीव्हीवर तेव्हा कोलोनचा सामना नीट चालू होता, कुणाला काही दिसलं नव्हतं. थोड्या वेळानं बायर्नच्या मुसियालाचा गोल आला. नव्वदाला एक मिनिट कमी.

आमचा दुसरा गोल झ्युलेनं जादा वेळेच्या सहाव्या मिनिटाला मारला. २-२. एक गोल आणखी हवा होता, वेळ उरला नव्हता.

सामना संपल्यावर दक्षिणेचा स्टँड रिकामा झालाच नाही. कोच टेर्झिच याच भागातला, लहानपणापासून याच क्लबाचा चाहता. तो स्टँडपुढं जाऊन रडला अन् लोक त्याच्यासाठी गात राहिले. इथले पेपर त्याचं लई कौतुक करतात. मला ते आवडलं, अन् थोडा रागही आला. इतकं प्रेम मिळत असेल तर श्टुटगार्टची ती सत्याण्णवाव्या मिनिटाची चूक कोण कुणाला विचारणार? तुम्ही आमच्या कबड्डीला उभं राहायचात, तेव्हा जिंकल्यावरही घरी येईपर्यंत चुका मोजायचात. तसा एक माणूस या क्लबाला पाहिजे.

पुढच्या वर्षी कसं, म्हणाल. बेलिंगहॅम गेला. रियल माद्रिदनं १०३ दशलक्ष युरोला घेतला. अजून वीस पुरी नाहीत पोराला, अन् त्या दिवशी गुडघ्यामुळं बाकावरच बसून होता. पैसा भरपूर येईल, पण मधल्या फळीत त्याच्यासारखा दुसरा कुठून आणणार? मला तरी अवघड दिसतं.

इकडचं हे एवढं. मृग कोरडाच चालला असं दादा म्हणाला, तेव्हापासून मीही रोज मोबाइलवर लोह्याचं हवामान बघतो. बियाण्याचे पैसे त्याच्या खात्यावर टाकलेत, पोचले का ते कळवायला सांगा. आईच्या गुडघ्याला नांदेडला दाखवायचं राहू देऊ नका, पेरणी होईपर्यंत थांबू म्हणेल, ऐकू नका तिचं.

बंट्याला पिवळा टी-शर्ट पाठवतोय. त्याला मागं बेलिंगहॅमचं नाव हवं होतं, ते आता जमणार नाही. मार्को रॉइसचं घालून घेतो, ११ नंबर. याच गावात जन्मलेला आहे, इतकी वर्षं इथं खेळून लीग एकदाही मिळाली नाही, अन् एप्रिलमध्ये आणखी एका वर्षाची सही केली. साइज किती लागतो ते वहिनींना विचारून कळवा, एक नंबर मोठाच सांगा.

तुमचा,
गजू