साहेब, तेराव्यानंतरची एक भेट कामात धरा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब, नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यात घरोघरी जाऊन पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या दुखण्यात त्रास कमी करणारी सेवा, देणाऱ्या एका पथकात परिचारिका आहे. पथक म्हणजे एक जीप, तिचा चालक, एक समाजसेवक, मी आणि ठरलेल्या वारी येणारे डॉक्टर. आमचे पेशंट बहुतेक कॅन्सरचे. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयातून, संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयातून किंवा थेट मुंबईच्या टाटातून ‘आता घरी न्या, सेवा करा’ असं सांगून परत पाठवलेली ही माणसं. सेवा करा म्हणजे नेमकं काय करा, ते घरच्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तोंडाची जखम वास मारायला लागली की मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून तिची पूड कशी भुरभुरायची, नाकातल्या नळीनं पेज कशी द्यायची, पेज दिल्यावर माणसाला लगेच आडवं का करायचं नाही, वेदनेवरचं अफूपासून बनलेलं मॉर्फिन सुरू झालं की त्याच दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध का द्यायचं, हे सगळं आम्ही चुलीशेजारी बसून शिकवतो.

पत्र या कामाच्या कौतुकासाठी लिहीत नाही. आमच्या रजिस्टरातल्या शेवटच्या दोन रकान्यांसाठी लिहिते आहे. एक ‘मयत दिनांक’ आणि दुसरा ‘साहित्य जमा’. हे दोन भरले की कागदावर ते घर संपतं. पुढच्या भेटीला डिझेल नाही, दौऱ्यात नोंद नाही, अहवालात जागा नाही. हवेची गादी, वॉकर, सक्शन मशीन आणि उरलेल्या मॉर्फिनच्या पट्ट्या परत आणायला तेवढं एकदा जाता येतं. मॉर्फिनचा हिशेब गोळीगोळीला द्यावा लागतो, म्हणून तरी जाता येतं असं म्हणा.

तर अशाच एका वसुलीच्या भेटीत औसा तालुक्यातल्या एका घरी गेलो होतो. तेरावा होऊन गेलेला. त्या बाईनं गादी डेटॉलच्या पाण्यानं धुऊन, पत्र्यावर वाळवून, घडी घालून ठेवली होती. पंपाला जुन्या साडीचा तुकडा गुंडाळलेला. गोळ्या देवळीत, देवाच्या मागं. कारण लेकरांच्या हाताला लागू देऊ नका असं मीच बजावलं होतं. चहा घेत होतो तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. गोळीच्या वेळेचा गजर. नवरा असताना समाजसेवकानं दर चार तासांनी लावून दिलेला. तिनं तो हातानं थांबवला आणि म्हणाली, “बंद करू वाटंना, सिस्टर.” कुणी काही बोललं नाही. आमच्या चालकानं, जो एरवी जीपमध्येच बसतो, दुसऱ्यांदा चहा मागितला. तेवढ्यानं आणखी थोडं बसता आलं.

पुढं काही महिन्यांनी त्याच गावात दुसऱ्या पेशंटकडं गेलो, तर ही बाई तिथं आधीच हजर. त्या घरच्या सुनेला नळीची सिरिंज किती उंचीवर धरायची ते दाखवत होती. मी बघतच राहिले तर मलाच म्हणाली, “मला येतंय की ते.” ती दुःखातून बाहेर आली असा दावा मी करणार नाही. गजर बंद केला का, तेही विचारलं नाही. पण ज्या कामानं तिचं वर्ष खाल्लं, ते आपल्याला येतं आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडतं, एवढं तिच्या हाती उरलं होतं. आमच्या धंद्यात आशा दिसते ती अशीच.

सगळीकडं असं होत नाही. एका घरात नवरा गेल्यावर दीर-जावेनं महिन्याभरात चूल वेगळी करून दिली. तिथं आशेबद्दल बोलायला आमची जीभ उचलली नाही. समाजसेवकानं पिशवीतून कागद काढले आणि अर्ज भरला. कर्ता माणूस गेलेल्या दारिद्र्यरेषेखालच्या घराला राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये मिळतात, निराधार बाईला संजय गांधी योजनेचं मासिक अनुदान मिळतं, हे त्या बाईला कुणी सांगितलंच नव्हतं. तो अर्जही ‘साहित्य जमा’च्या भेटीतच भरला गेला. रजिस्टरात नोंद एकच: वॉकर, नग एक.

साहेब, आपल्या मराठवाड्यात मरणानंतर सरकारचा माणूस घरी येतो तो पंचनाम्याला. शेतकऱ्यानं जीव दिला की तलाठी येतो, पोलीस येतात, मग समिती पात्र-अपात्र ठरवते. ते व्हायलाच पाहिजे, एक लाखाची मदत काही थोडकी नाही. पण नुसतं बसायला कुणी येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात सुमारे दहा हजार माणसं गेली, तेव्हाही आधी घरंच मोजली गेली. तरी त्या पुनर्वसनातली एक गोष्ट शहाणपणाची होती. भूकंपग्रस्त गावांतल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं, आणि घरबांधणीची योजना दारोदार समजावण्याचं काम त्यांच्याकडं दिलं. दुखवट्यातल्या गावाला काम देता येतं, हे आपल्या प्रशासनानं एकदा करून पाहिलेलं आहे. आणि धाराशिव जिल्ह्यातल्या ४९७ गावांमधल्या १,३१,७४६ बायका १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या एका मोठ्या अभ्यासात सहभागी झाल्या. हा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एका तपासणीनं त्याचे मृत्यू कमी होतात, हे २००९ मध्ये जगाला कळलं ते त्यांच्यामुळं. मोजदादीला आमच्या भागानं कधी नाही म्हटलेलं नाही.

ज्या १९९३ साली इथं भूकंप झाला, त्याच साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात काही डॉक्टरांनी वेदनामुक्तीचा छोटा दवाखाना काढला. त्यातून केरळात गावोगावचे स्वयंसेवक उभे राहिले, २००८ मध्ये त्या राज्यानं देशातलं पहिलं पॅलिएटिव्ह केअर धोरण केलं, आणि आज तिथं ग्रामपंचायती गृहभेटींना पैसे देतात. महाराष्ट्राचंही धोरण २०१२ पासून आहे. धोरण नाही अशी तक्रार कुणालाच करता येणार नाही, हीच पंचाईत.

आता मॉर्फिन. मरणानंतरच्या गोष्टीत गोळी कशाला आणता, असं कुणी म्हणेल. आमच्याकडं दुखवट्याला येणारा प्रत्येक माणूस टेकला की पहिलं विचारतो, “शेवटी लई त्रास झाला का?” त्या बाईला ती रात्र दिवसातून कितीदा तरी सांगावी लागते, भावाला, जावेला, बोरी-बाभळीच्या गावाहून आलेल्या कुठल्याशा मावशीला. “झोपेतच गेले” असं सांगायला मिळालं तर ते वाक्य तिला आयुष्यभर पुरतं. रात्रभर ओरडत गेले असतील, तर तेच ती आयुष्यभर सांगत राहते. मागं राहिलेल्याचं दुःख कसं असेल ते बरंचसं त्या शेवटच्या आठवड्यात ठरतं, आणि तो आठवडा मॉर्फिनची पट्टी हाताशी आहे की नाही यावर ठरतो. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, आधी चार-पाच परवाने लागायचे तिथं एका मान्यतेवर काम आलं. तरीही ‘आमच्याकडं शिल्लक नाही, मोठ्या गावाला जा’ हे उत्तर मी स्वतः ऐकलं आहे. कोण म्हणालं ते सोडा. शंभर किलोमीटर एसटीनं जाऊन दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या आणायच्या, तोवर इकडं माणूस भिंतीला डोकं लावून बसलेला.

थोडं आमच्याबद्दल. लोक म्हणतात, तुम्हाला सवय झाली असेल. सवय ड्रेसिंगची होते. आम्ही एखाद्या घरात शिरतो तेव्हा तिथं मरण शिरलेलंच असतं, आणि ते झालं की आमचं जाणं बंद होतं. म्हणजे आमच्या डोक्यात राहतात ती सगळी घरं खाटेसकट, सलाइनच्या खिळ्यासकट. त्याच घरात पुढच्या वर्षी सोयाबीनचं खळं झालं, धाकटी बारावीला बसली, हे बघायला मिळालं तर आपण केलं ते कशासाठी केलं याचा पत्ता लागतो. नाहीतर चांगल्या पोरी दोन-तीन वर्षांत दुसरी नोकरी धरतात. पगार कमी म्हणून गेल्या असं कागदावर येतं. पगार कमी आहेच, तेही आपल्याला सांगायला नको. पण जाताना त्या जे बोलतात ते पगाराचं नसतं.

यावर उपाय म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी ताणमुक्तीची कार्यशाळा होते. एकदा आम्हाला फुगे फुगवून त्यात दुःख भरून फोडायला लावलं. फुगे आमच्या चालकानं नातवासाठी घरी नेले. चालकांना प्रशिक्षणाला बोलवायची पद्धत नाही, तो बाहेर गाडीपाशी होता. खरं तर कुठल्या घरात काय चाललंय ते त्याला आमच्या आधी कळतं. पारावरची माणसं त्याच्याशी बोलतात.

मागणी लहान आहे. रजिस्टरात ‘साहित्य जमा’च्या पुढं ‘दुखवटा भेट’ असा एक रकाना घाला. एक भेट तेराव्यानंतर महिन्याच्या आत, जमल्यास एक वर्षश्राद्धाच्या आधी. मुसलमान घरांत चाळीसवा, तांड्यावर त्यांचे दिवस, ते आम्ही बघून घेऊ. या भेटीला डिझेल मंजूर असावं आणि ती दौऱ्यात धरावी. भेटीत अर्जांचे कोरे नमुने सोबत असावेत. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या सरकारी रुग्णालयांत तोंडानं घ्यायच्या मॉर्फिनचा साठा संपण्याआधी मागणी जावी, आणि तो किती आहे हे आम्हाला फोनवर कळावं. महिन्यातून अर्धा दिवस पथकानं एकत्र बसून गेलेल्यांची नावं घ्यावीत, चालकासकट. त्या अर्ध्या दिवसाला गैरहजेरी लागू नये. ज्या बायकांना ‘येतंय की ते’, त्यांना गावात आशाताईंच्या जोडीला बोलावता यावं, किमान प्रवासाचे पैसे देऊन. यात नवा निधी फारसा लागणार नाही असं आमच्या समाजसेवकाचं म्हणणं आहे. डिझेलचं गणित त्यानं मांडलं आहे.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी जागतिक हॉस्पिस आणि पॅलिएटिव्ह केअर दिन असतो. आमच्याकडं दरवर्षी प्रभातफेरी आणि रांगोळी होते. यंदा त्या दिवशी या रकान्याचं परिपत्रक निघालं तर बरं होईल. मसुदा तयार आहे, आपल्या कार्यालयानं मागितला की पाठवते.

आपली विश्वासू,
एक परिचारिका
लातूर जिल्हा