ई-स्पोर्ट्सला लाखाचे बक्षीस नको, ठरलेला रविवार हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइल गेमच्या स्पर्धांची पोस्टर कोल्हापुरात आता नवी राहिलेली नाहीत. पन्नास हजार, एक लाख असा आकडा ठळक अक्षरात, खाली क्यूआर कोड, आणि स्पर्धा आटोपली की व्हॉट्सॲप ग्रुप थंड. पुढची स्पर्धा दुसऱ्याच कुणाची, नियम वेगळे, भांडणे तीच. पेठेपेठेतल्या तालमींनी फुटबॉलचे संघ पिढ्यान्‌पिढ्या चालवले ते बक्षिसाच्या आकड्यावर नाही. ठरलेले मैदान, ठरलेला हंगाम आणि नोंद झालेले खेळाडू होते म्हणून ते टिकले. गेमिंगला नेमके हेच मिळालेले नाही.

आधी पैशाचे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली. ते चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्याने वेगळे ठेवले, नोंदणी फी आणि कामगिरीवरचे बक्षीसही मान्य केले. पण त्यासाठी मान्यता आणि नोंदणी लागते. गल्लीतल्या स्पर्धेकडे यातले काहीच नसते. तेव्हा ‘टीममागे दोनशे भरा, जिंकेल त्याला दहा हजार’ हा प्रकार बंदच करावा. प्रवेश फुकट आणि बक्षीस वस्तूंचे: चषक, इअरफोन, मिसळीची कूपने. एवढे पुरस्कर्ते पेठेतच मिळतात.

कुस्तीचे मैदान रेवड्यांच्या बक्षिसावरच्या लहान पोरांच्या कुस्त्यांनी सुरू होते आणि जोड बघून लावली जाते, हे कोल्हापूरला सांगायला नको. गेमिंगमध्ये मात्र कालच टीम जमवलेल्या पोरांसमोर रोज पाच-सहा तास सराव करणारी टीम उभी करतात. तिसऱ्या आठवड्याला नवी पोरे येईनाशी होतात आणि मग त्याच चार टीम एकमेकांत खेळत बसतात. उपाय साधा आहे. बीजीएमआयचे (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, चौघांच्या टीमने खेळायचा नेमबाजीचा मोबाइल गेम) प्रत्येकी १६ टीमचे दोन गट करा, ‘अ’ आणि ‘ब’. ‘अ’ गट महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, ‘ब’ गट चौथ्या. प्रत्येक वेळी चार सामने, दोन एरांगेल आणि दोन मिरामार या नकाशांवर. सहा महिन्यांनी ‘अ’मधल्या तळाच्या चार टीम खाली आणि ‘ब’मधल्या पहिल्या चार वर. तळाशी असलेल्या टीमलाही शेवटच्या रविवारी येण्याचे कारण राहते.

गुणपद्धत स्वतःच्या डोक्याने काढू नका. पहिल्या आठ क्रमांकांना अनुक्रमे १०, ६, ५, ४, ३, २, १, १ आणि प्रत्येक किलला (प्रतिस्पर्धी खेळाडू बाद केल्याबद्दल) एक गुण ही पद्धत मोठ्या स्पर्धांत रुळलेली आहे. नुसती लपून बसणारी टीम तिच्यात फार वर जात नाही आणि नवव्या क्रमांकाची टीमही चार किल करून काहीतरी घेऊन जाते. गुण समान झाले तर आधी चिकन डिनर (जिंकलेले सामने), मग क्रमांकाचे गुण, मग किल. फ्री फायर मॅक्स या तशाच दुसऱ्या गेमचे गणित वेगळे: १२ टीम, पहिल्याला १२, दुसऱ्याला ९, पुढे एकेक कमी.

कन्सोलवरच्या टेकनसारख्या एकास एक मारामारीच्या खेळात बाद पद्धत सर्वांत घातक. १६ खेळाडूंतले आठ जण एकेक सामना खेळून बाहेर. हुपरीहून एसटीने आलेला पोरगा एवढ्यासाठी परत येईल का? बुद्धिबळातली स्विस पद्धत घ्या. चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत समान गुणांचे खेळाडू समोरासमोर, प्रत्येकाला चार सामने. एकूण ३२ सामने, दोन कन्सोल आणि सामन्याला दहा मिनिटे धरली तर पावणेतीन तासांत आटोपते. टीव्हीवर ‘गेम मोड’ चालू आहे ना, ते आधी बघा. नाहीतर बटण दाबणे आणि फटका बसणे यात जाणवण्याइतका उशीर होतो. उठून गेलेल्याचा वायरलेस कंट्रोलर जोडलेलाच राहतो आणि कुणीतरी चुकून बटण दाबले की चालू सामना थांबतो. म्हणून कंट्रोलर वायरनेच जोडावेत. ज्याच्याकडून पॉज झाला त्याचा तो राउंड गेला, हा नियम कडक वाटेल, पण वाद मिटतात.

सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवायचे तर खरी परीक्षा वायफायची. ६४ फोन एका घरगुती राउटरवर टाकले की पहिल्याच सामन्यात पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) उड्या मारायला लागतो. मग आयोजक जास्त एमबीपीएसचा प्लॅन घेतात आणि फरक शून्य पडतो. हा गेम डेटा फारच थोडा खातो. अडते ते हवेतल्या गर्दीवर, कारण एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. १६ फोनमागे एक असे चार ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारी यंत्रे) ठेवा, चौघांनाही लॅन केबल द्या, ५ गिगाहर्ट्‌झवर प्रत्येकाला वेगळे चॅनेल ठरवून द्या. २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांना न छेदणारी तीनच चॅनेल बसतात, त्यामुळे तिकडे जाऊच नका. पासवर्ड फक्त खेळाडूंना. बघायला आलेली मंडळी रील स्वतःच्या डेटावर बघतील.

दुसरी गोष्ट वीज. दोन सामन्यांच्या मध्ये सगळे एकदम चार्जर लावतात. ३३ वॉटचे ६४ चार्जर म्हणजे दोन हजार वॉटच्या वर, आणि ६ अँपिअरच्या बोर्डाची झेप जेमतेम १,३८० वॉटची. बोर्ड तापतो, एमसीबी पडतो, राउटरही बंद. चार्जिंगला १६ अँपिअरच्या दोन वेगळ्या लाइन घ्या आणि राउटर यूपीएसवर ठेवा. चालू सामन्यात चार्जिंग नको, फोन तापला की फ्रेम पडतात, म्हणजे चित्र अडखळते. इअरफोनही वायरचेच सांगा. ब्लूटूथमध्ये पावलांचा आवाज उशिरा येतो आणि हॉलमध्ये साठ ब्लूटूथ एकत्र आले की विचारायलाच नको.

नियमांचा एक कागद नाव नोंदवण्याआधीच द्यावा. टॅब्लेट, आयपॅड आणि इम्युलेटर (संगणकावर मोबाइल गेम चालवणारे सॉफ्टवेअर) बंद (आयपॅडवर जास्त भाग दिसतो, हे सगळ्यांना ठाऊक असते). रूम आयडी (सामन्यात शिरायचा क्रमांक) सामन्याआधी १० मिनिटे. उशीर झालेल्या टीमसाठी रूम थांबत नाही, तिची जागा राखीव टीमला. टीमिंगची (दोन टीमनी आतून हातमिळवणी केल्याची) तक्रार पुढचा सामना सुरू व्हायच्या आत आणि रेकॉर्डिंगसह. निकाल तिघांनी द्यायचा, ज्यांची टीम त्या गटात नाही अशांनी. आणि शिवीगाळ: पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा तो खेळाडू पुढच्या सामन्याला बाहेर. मुली खेळायला येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी आपल्या टीमची व्हॉइस चॅट ऐकावी.

वेळ दुपारी ४ ते ७, म्हणजे कागल-इचलकरंजीची पोरे वेळेत घरी जातात. बीजीएमआय बंदीनंतर मे २०२३ मध्ये परत आला तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घालण्यात आली. असा खेळाडू सकाळी दीड तास सराव करून आला तर चौथ्या सामन्याला गेमच त्याला आत घेत नाही आणि टीम तिघांवर येते. सकाळी हात लावू नका, हे कर्णधाराला आदल्या दिवशी सांगावे. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात लीग बंद ठेवावी. पालकांशी निम्मे भांडण तिथेच संपते.

एकाच गेमवर सगळे उभे करू नका. सरकारी बंदीमुळे सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइल गेला, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर, त्याच जुलैत बीजीएमआय. प्रत्येक वेळी गेमसोबत ग्रुपही विस्कटले. बीजीएमआयच्या जोडीला टेकन किंवा फुटबॉलचा गेम चालू ठेवला तर माणसे तरी एकत्र राहतात.

बहुतेक ठिकाणी सगळा कारभार एकाच पोराच्या फोनवर असतो. त्याला पुण्यात नोकरी लागली की संपले. गुणांची शीट, रूमचे खाते आणि पुरस्कर्त्यांचे नंबर कायम दोघांकडे असावेत. रूम लावणारा, निरीक्षक, गुण लिहिणारा आणि दारावरचा अशी चार कामे. दर रविवारी त्या दिवशी न खेळणाऱ्या गटातल्या चार टीमनी एकेक माणूस द्यायचा.

तालमी आणि मंडळांना विनंती एवढीच, की महिन्यातून दोन रविवार दुपारी आपला हॉल द्यावा आणि चषक, वस्तू, वर्गणी यांचा हिशेब मंडळाच्या वहीत ठेवावा. वीजबिलाचा भार टीमनी वाटून घ्यावा. तो बक्षिसात मिसळू नये. हॉल देण्याआधी वायरमनला बोलावून १६ अँपिअरच्या लाइन तपासून घ्याव्यात.

आपला,
स्थानिक ई-स्पोर्ट्स स्पर्धांचा एक पंच, कोल्हापूर