वहीत लिहून दिलंत म्हणून

दादा, सप्रेम नमस्कार.

लग्नसराई संपली. आज हॉल धुऊन घेतला आणि पहिल्यांदाच निवांत बसलेय. आमच्या हॉलचं वाय-फाय तुम्ही मार्गी लावलंत, त्याबद्दल फोनवर दोनदा आभार मानायला गेले, तर तुम्ही "अहो ताई, कामच आहे ते" म्हणून विषय बदललात. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

लातुरातलं हे मंगल कार्यालय माझ्या वडिलांनी उभं केलं. दीड हजार माणूस बसतं. मागच्या मे महिन्यात एका नवरीचा भाऊ सीमेवर होता, त्याला रजा मिळाली नाही. बहिणीचं लग्न निदान मोबाईलवर दिसावं एवढीच इच्छा. इतकी माणसं जमली की टॉवरचं नेट बसतंच, म्हणून सगळी भिस्त आमच्या वाय-फायवर. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि चित्र थिजलं. अक्षता पडून गेल्या तरी हललं नाही. नवरीचे वडील मला एका शब्दानं बोलले नाहीत, तेच अजून टोचतं.

त्याआधी तिघांनी पैसे नेले होते. एकानं चार कोपऱ्यांत घरगुती राउटर ठोकले, दुसऱ्यानं सिग्नल पुढं ढकलणारे रिपीटर वाढवले, तिसऱ्यानं लांब पल्ल्याचा म्हणून महागडा डबा आणला. तिघांनीही रिकाम्या हॉलमध्ये व्हिडिओ चालवून दाखवला आणि सही घेतली. पासवर्ड मात्र स्वतःजवळच ठेवले. अडचण आली की फोन बंद.

तुमचा पहिला प्रश्न होता, "हॉल भरलेला कधी असतो?" आणि तुम्ही लग्नातच आलात. पंगतीच्या कडेला मोबाईल घेऊन तीन तास बसलात. माणसाच्या अंगात पाणीच जास्त, गर्दी सिग्नल पिऊन टाकते, हे मला तेव्हा कळलं. एका चॅनलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं, वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि आमचे सगळे डबे एकाच चॅनलवर भांडत होते. वर नेटवर यायला प्रत्येक मोबाईलला राउटरकडून एक पत्ता लागतो; आमचा राउटर जेमतेम अडीचशे मोबाईलना पत्ते देणारा, आणि एकदा दिलेला पत्ता २४ तास अडकून राहणार. सकाळी हळदीला आलेल्यांनीच ते संपवले की संध्याकाळच्या पाहुण्यांना काय उरणार! पत्त्यांची ही दुरुस्ती तुम्ही तिथल्या तिथं केलीत, एक रुपया न घेता.

मग ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फायचा सिग्नल देणारे नवे डबे, निवडताना खोक्यावरचा वेगाचा आकडा तुम्ही बघितलाही नाहीत. पत्र्याखाली मे महिन्यात किती तापतं ते विचारलंत, कारण बरेच घरगुती डबे ४० अंशांपर्यंतचेच असतात. खाली तोंड करून थोड्याच जागेपुरता सिग्नल देणारे अँटेना घेतलेत, प्रत्येकाला स्वतंत्र वायर दिलीत, ५ गिगाहर्ट्झवर २० मेगाहर्ट्झचे अरुंद चॅनल ठेवलेत आणि पॉवर चक्क कमी केलीत. मी घाबरले होते. तुम्ही म्हणालात, "भोंगा कितीही ओरडला तरी समोरच्या मोबाईलचा आवाज बारीकच असतो ताई, त्याचं ऐकू यायला पाहिजे."

पण माझ्या मनात घर करून राहिलंय ते वेगळंच. निघताना तुम्ही दोनशे पानी वही मागितलीत. कोणता डबा कोणत्या खांबावर, कोणत्या चॅनलवर, वायर कुठून गेली, सगळे पासवर्ड, सगळं मराठीत, हातानं, चित्र काढून लिहिलंत. आणि वही माझ्याकडं नाही दिलीत. आमच्या वॉचमन मामांना शेजारी खुर्ची दिलीत, पान पान समजावलंत आणि म्हणालात, "मामा, आता हे तुमचं." बावीस वर्षांत त्या माणसाला या हॉलमध्ये कुणी खुर्चीवर बसवून काही समजावलं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही. मामा त्या रात्री वही उशाशी घेऊन झोपले.

आपल्याकडं मोटर भरणारा असो की मोबाईलवाला, हातातली विद्या झाकून ठेवतात. गिऱ्हाईक अडून राहिलं की धंदा चालतो, असा हिशोब. तुम्ही सगळं उघडं करून दिलंत, म्हणून या वर्षी ओळखीच्या चार कार्यालयांना मी स्वतःहून तुमचं नाव सांगितलं. सचोटीनं वागणारी माणसं आहेत अजून, हे मला फार दिवसांनी म्हणावंसं वाटलं.

परवा भर लग्नात स्टेजजवळचा एक डबा बंद पडला. मी तुम्हाला फोन लावेपर्यंत मामा शिडीवर होते. वहीत तुमच्या अक्षराखाली आता त्यांचं वाकडंतिकडं अक्षर आहे: "७ नंबरची वायर उंदरानं कुरतडली. बदलली. नेट चालू."

तुमची,
ताई

लातूर