रुग्णवाहिकेचा दिवा रात्रीही लावून पाहावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात महिन्यातून दोन-तीनदा तरी एखाद्या नव्या रुग्णवाहिकेच्या लोकार्पणाचे छायाचित्र छापून येते. फीत, नारळ, हार घातलेली गाडी, तिच्या टपावर लखलखणारा दिवा आणि पुढे उभे असलेले मान्यवर, असे त्याचे स्वरूप ठरलेले असते. आमच्या गावातील एका सेवाभावी मंडळाने देणग्या गोळा करून अशीच एक गाडी घ्यायचे ठरवले असून, एसटीच्या कार्यशाळेत गाड्यांच्या विजेच्या कामात माझी ३१ वर्षे गेली असल्यामुळे दिवे आणि वायरिंग यांची निवड समितीने माझ्यावर सोपवली आहे. त्यासाठी मागवलेल्या दरपत्रकांत स्ट्रेचरची लांबी, ऑक्सिजन सिलिंडरचे माप, आसनांचे कापड अशी सगळी माहिती होती. दिव्यापुढे मात्र चारही विक्रेत्यांनी जवळपास एकच ओळ लिहिली होती, 'एलईडी लाइटबार (टपावरची दिव्यांची पट्टी), हाय पॉवर, एक नग'. नगरपालिकांच्या आणि संस्थांच्या खरेदीतही ही ओळ याहून फारशी लांब नसावी, अशी मला शंका आहे आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

'हाय पॉवर' हा शब्द दिवसापुरता चुकीचा नाही. खानदेशातला मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको, की जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा दुपारच्या रखरखीत उन्हात टपावरचा दिवा लागला आहे की नाही, हेही थोड्या अंतरावरून धड कळत नाही. तिथे जितका प्रकाश मिळेल तितका हवाच. पण तोच दिवा तेवढ्याच जोराने रात्री अंधाऱ्या रस्त्यावर लागला की काय होते, ते मी गेल्या डिसेंबरात चोपडा-जळगाव रस्त्यावर धानोऱ्याच्या अलीकडे प्रत्यक्ष पाहिले. उसाच्या ट्रॉलीला मागून धडकून पडलेल्या एका दुचाकीस्वाराला उचलण्यासाठी एक खासगी रुग्णवाहिका कडेला थांबली होती आणि तिचे पांढरे-निळे दिवे पूर्ण जोरात चालू होते. समोरून आलेल्या मोटारसायकलवाल्याला गाडी दिसली, यात वाद नाही. परंतु गाडीमागे स्ट्रेचर धरून उभी असलेली दोन माणसे त्याला दिसली नाहीत आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावरून तो सुसाट निघून गेला. पुढे जाऊन तो थांबला, परत आला आणि हात जोडून म्हणाला, "काका, डोळ्यापुढे नुसता पांढरा पडदा व्हता." त्याला दोष द्यावा असे मला तेव्हाही वाटले नाही.

याचे कारण दिव्यात जितके आहे तितकेच डोळ्यात आहे. उजेडात काम करणाऱ्या आणि अंधारात काम करणाऱ्या पेशी डोळ्यात वेगवेगळ्या असतात. उजेडातल्या पेशींना हिरवट-पिवळा प्रकाश सर्वांत ठळक दिसतो, तर अंधारातल्या पेशींचा कल निळ्या-हिरव्या बाजूला झुकलेला असतो आणि लाल रंग त्यांना जवळजवळ दिसतच नाही. अंगणातल्या जास्वंदीचे फूल तिन्हीसांजेला आधी काळवंडते आणि तिची पाने मात्र त्यानंतरही काही वेळ उठून दिसतात, ते यामुळेच. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही गोष्ट नोंदवली आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. म्हणजे निळ्या आणि लाल दिव्याला सारखीच वीज दिली, तरी रात्री डोळ्यांना ते सारखे भासत नाहीत. शिवाय रात्रीच्या रस्त्यावर लाल दिव्यांची आधीच गर्दी असते. प्रत्येक ट्रकचा मागचा दिवा लाल आणि ब्रेकचा दिवाही लाल, त्यात आणखी एक लाल लुकलुकू लागला तर तो लांबून वेगळा ओळखू येईलच असे नाही. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेने २००८ मध्ये याविषयी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निळ्या रंगाला दिवसा आणि रात्रीही उजवे ठरवले होते. दिवसा दिव्याची तीव्रता वाढवावी आणि रात्री ती उतरवावी, ही शिफारसही त्यातच होती.

मात्र रंग निवडणे ही खरेदी समितीच्या आवडीची बाब नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०८वा नियम याच विषयाचा आहे. त्यात झालेल्या बदलाने १ मे २०१७ पासून मंत्री-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे दिवे उतरले आणि अग्निशमन, पोलीस, आपत्ती निवारण अशा कामांच्या वाहनांना लाल, निळा व पांढरा असा बहुरंगी दिवा मिळाला. रुग्णवाहिकांसाठी एआयएस-१२५ ही राष्ट्रीय संहिता आहे. त्या संहितेने रुग्णवाहिकांचे ए, बी, सी आणि डी असे चार प्रकार केले असून, आपली गाडी त्यांपैकी कोणत्या प्रकारात बसते हे आधी ठरवावे, त्या प्रकारच्या दिव्यांविषयी आरटीओकडून लेखी खात्री करून घ्यावी आणि मगच दुकानाची पायरी चढावी. आधी दिवा बसवून मग परवानगी शोधत फिरणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. शेवटी दिवा उतरवावा लागतो आणि टपाला पडलेल्या भोकांतून पावसाळाभर पाणी गळत राहते.

रंगापेक्षाही ज्याकडे कमी लक्ष जाते ती गोष्ट म्हणजे लुकलुकण्याची गती. युरोपात चालणाऱ्या आर-६५ या नियमानुसार दिव्याने सेकंदाला दोन ते चार वेळा लुकलुकावे, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे सरकते, त्यामुळे फार सावकाश लुकलुकणाऱ्या दिव्याच्या दोन झपकाऱ्यांमध्ये बरेच अंतर आंधळेपणाने कापले जाते. उलट फार वेगाने फडफडणारा दिवा डोळ्यांना त्रास देतो आणि काही अपस्माराच्या रुग्णांना तो झटकाही आणू शकतो. रुग्णवाहिकेतच झटक्याचा रुग्ण असू शकतो, हे विक्रेत्यांच्या लक्षात नसते. ते वीस-पंचवीस 'पॅटर्न' असलेला लाइटबार कौतुकाने दाखवतात आणि त्यांतला सर्वांत चक्रावणारा पॅटर्न आधी लावून दाखवतात. मला दोनच हवे आहेत, असे म्हटल्यावर एकाने माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिले.

हे दोन पॅटर्न कोणते, ते थोडे विस्ताराने सांगायला हवे. धावती गाडी रस्ता मागत असते आणि थांबलेली गाडी 'इथे माणसे काम करीत आहेत, जपून जा' असे सांगत असते. या दोन निरोपांसाठी एकच दिवा एकाच पद्धतीने वापरणे ही धानोऱ्याजवळची चूक होती. अमेरिकेतील अग्निशमन वाहनांच्या मानकात या दोन अवस्था वेगळ्या धरलेल्या आहेत आणि गाडी रस्ता अडवून उभी असताना लुकलुकणारे पांढरे दिवे बंद ठेवले जातात, कारण काळोखात पांढराच सर्वांत जास्त दिपवतो. आपल्याकडेही हँडब्रेक ओढताच पांढरे दिवे बंद व्हावेत, बाकीच्यांचा जोर उतरावा आणि गती मंदावावी, अशी जोडणी एका रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचने, सहज होते. त्यात नवल काहीच नाही, साध्या वायरमनचे काम आहे. रात्रीचा जोर कमी करण्यासाठी एक तर चालकाजवळ बटण द्यावे किंवा प्रकाशावर चालणारा सेन्सर बसवावा. मी स्वतः बटणाच्या बाजूचा आहे, कारण आपल्याकडच्या धुळीने सेन्सर झाकला की भर दुपारी तो रात्र समजू लागतो.

आता दिव्यांच्या जागेविषयी. टपावरचा लाइटबार लांबून उत्तम दिसतो, पण रुग्णवाहिका एखाद्या छोट्या मोटारीच्या अगदी मागे आली की तिचे टप त्या मोटारीच्या आरशात मावतच नाही. मागच्या काचेतून चालकाला दिसते ती फक्त रुग्णवाहिकेची जाळी आणि बंपर. आपत्कालीन वाहनाला वाट न देणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. परंतु जे दिसलेच नाही त्याला वाट द्यायची कशी? म्हणून पुढच्या जाळीत, आरशाच्या उंचीला येतील असे दोन छोटे दिवे असलेच पाहिजेत. तसेच दोन्ही बाजूंच्या मडगार्डवर आडवा प्रकाश टाकणारे दिवे हवेत. जळगावात महामार्गावरच्या आकाशवाणी चौकात किंवा अजिंठा चौफुलीवर आडव्या रस्त्याने येणाऱ्याला गाडीचे तोंड दिसण्याआधी तिची बाजू दिसते.

इथेच खरेदीतला एक जुना घोटाळा होतो. पूर्वीच्या फिरत्या दिव्यात बल्बभोवती आरसा फिरे, त्यामुळे चारही दिशांना सारखा प्रकाश जाई. एलईडी मात्र समोर भाल्यासारखा जातो आणि तिरक्या कोनात त्याचा जोर झपाट्याने उतरतो. दुकानदार गिऱ्हाईकाला दिव्याच्या ऐन समोर उभे करतो, गिऱ्हाईक डोळे मिचकावते आणि सौदा होतो. माझी विनंती अशी, की खरेदीदाराने दिवा चालू ठेवून गाडीला पूर्ण प्रदक्षिणा घालावी, कोपऱ्यात तिरके उभे राहून पाहावे आणि हे सारे एकदा भर दुपारी व एकदा रात्री करावे.

बाकीच्या बाबी थोडक्यात. दिव्याच्या खोक्यावरील 'आयपी' आकड्यातला पहिला अंक धुळीसाठी असतो आणि तो सहाच असावा. दुसरा पाण्यासाठी असतो. एलईडीला उष्णता मानवत नाही, तेव्हा मागे अ‍ॅल्युमिनियमची पाठ नसलेला प्लॅस्टिकचा स्वस्त दिवा आपल्याकडच्या दोन उन्हाळ्यांत फिका पडतो आणि त्याची काच पिवळी होते. विजेच्या बाबतीत एलईडी निःसंशय बरा. जुन्या ५५ वॅटच्या बल्बला १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरहून अधिक प्रवाह लागे. इंजिन बंद ठेवून गाडी तासभर उभी राहिली तर ज्या बॅटरीवर रुग्णाच्या घशातला कफ ओढणारे सक्शन यंत्र चालायचे तीच दिव्यापायी उतरे. वायरिंगमध्ये हेडलाइटची वायर कापून जोड मारलेला कदापि चालवून घेऊ नये. वेगळा फ्यूज, वेगळा रिले आणि स्वच्छ अर्थिंग, हे लेखी मागावे. स्वस्त एलईडीच्या आतील सर्किट वायरलेसमध्ये खरखर निर्माण करते, याचा अनुभव अग्निशमन दलातील मित्रांना आहे. आणि परावर्तक पट्ट्या विसरू नयेत. दिवे बंद पडले, बॅटरी गेली, तरी समोरच्या हेडलाइटमध्ये त्या चमकतात.

एक गोष्ट विषयाला लागूनच आहे म्हणून लिहितो. लाल दिव्याची गाडी मिळवणे हे आपल्याकडे कित्येक वर्षे अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांचे स्वप्न होते. ती गाडी गेली, पण दिव्याची हौस गेली नाही. लग्नसराईत डीजेच्या गाडीवर तेच लाल-निळे दिवे लुकलुकतात आणि खासगी जीपच्या जाळीतही ते दिसतात. रोज संध्याकाळी वरातीत जो दिवा पाहायचा, तोच रात्री महामार्गावर मागून आला तर लोकांनी घाईघाईने बाजूला का व्हावे? परिवहन आणि पोलीस खात्यांनी या दिव्यांची विक्री व वापर याकडे लक्ष दिले, तर खऱ्या रुग्णवाहिकेचे दिवे आहेत त्याच जोरावर अधिक ठळक होतील.

वरील सर्व अटी लिहून मी चारही विक्रेत्यांना पत्रे पाठवली. दोघांनी उत्तर दिले नाही. तिसऱ्याने दूरध्वनीवर सांगितले, की एवढे विचारणारे गिऱ्हाईक त्यांना आजवर भेटले नव्हते, आणि पुन्हा तेच जुने दरपत्रक धाडले. चौथ्याने लिहिले आहे, की रात्रीच्या जोराचे बटण आणि हँडब्रेकची जोडणी करून देता येईल, मात्र त्याचे आठशे रुपये जास्त पडतील. आमच्या समितीने ते मंजूर केले असून, गाडी ताब्यात घेण्यापूर्वी तिचे दिवे अडावदच्या रस्त्यावर अमावास्येच्या रात्री लावून पाहण्याचे ठरले आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी कर्मचारी,
चोपडा, जि. जळगाव