विसर्जनानंतर ढोल वस्तीत द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आषाढात नदीपात्रात ढोलांचा सराव सुरू होतो आणि अनंत चतुर्दशीनंतर बहुतेक ढोल गोदामात जातात. २०२४ साली ढोल-ताशा पथकातील तीस जणांच्या मर्यादेला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि पुणेकर सुखावले. पण पोशाख, नावनोंदणी आणि रोजचे जाणे-येणे ज्यांना परवडत नाही, ती वस्तीतली मुले आजही दोरीपलीकडूनच मिरवणूक बघतात. या मुलांची पथके त्यांच्याच वस्तीत बारा महिने चालायला हवीत.

चोवीस मुलांना बारा ढोल, तीन ताशे आणि झांजांच्या दोन जोड्या पुरतात. एकाने वाजवायचे, जोडीदाराने समोर उभे राहून टाळीने मात्रा धरायच्या, दहा मिनिटांनी अदलाबदल. प्रत्येकाला ढोल मिळाला की दुसऱ्याचे ऐकणे संपते. पहिले दोन आठवडे ढोल बांधायलाच नको. बोल तोंडाने म्हणायचे, मांडीवर वाजवायचे, मग जुन्या टायरवर टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी.

हमखास होणारी चूक म्हणजे लय चढणे. जोर वाढला की हात पळतो. ओरडून ती उतरत नाही. निम्मे ढोल चार आवर्तने थांबवावेत आणि नेमक्या मात्रेवर परत घ्यावेत. घाई कोण करतो ते ज्याचे त्यालाच ऐकू येते.

मागच्या रांगेचे दुखणे वेगळे. पथकाला लय ताशा देतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ताशापासून १७ मीटरवर उभ्या मुलाला ठोका एक विसांश सेकंद उशिरा ऐकू येतो, तो प्रामाणिकपणे त्यावरच वाजवतो आणि ‘लक्ष कुठंय तुझं?’ म्हणून बोलणी खातो. ताशे मधोमध घ्या, मागच्यांना ताशेवाल्याच्या मनगटावर नजर ठेवायला शिकवा. शाळेत ‘ढ’ ठरलेल्या मुलाला आपली चूक नव्हती हे कळते, तेव्हा त्याची उभे राहण्याची ढबच बदलते.

ताशा एकाच दांडगट मुलाकडे वर्षभर राहू देऊ नये. दर महिन्याला हात बदलावा, मुलींकडेही यावा. घरात जिचे कुणी ऐकत नाही, तिच्या काडीच्या इशाऱ्यावर बारा ढोलकरी एकदम थांबतात, हा अनुभव भाषणाने देता येत नाही. मुली टिकायच्या तर सराव साडेसातला संपावा, स्वच्छतागृह उघडे असावे.

ढोल ताणणेही मुलांनीच शिकावे. दोरी एकाच बाजूने ओढली की कडे वाकते आणि पान, म्हणजे ढोलाच्या तोंडावरचा पडदा, फाटते, म्हणून समोरासमोर, थोडी-थोडी ओढायची. चामड्याचे पान पावसाळी हवेत सैल पडते. वस्तीत प्लास्टिकचे बरे. वादनाच्या सुपारीचा हिशेब फळ्यावर, मुलांच्याच हस्ताक्षरात असावा.

कानांकडे मात्र कुणी बघत नाही. ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो असे धरतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. बंद सभागृहात सराव नको आणि कानात इअरप्लग हवेतच.

मंडळांनी विसर्जनानंतर निम्मे तरी ढोल वस्त्यांना वापरायला द्यावेत. महापालिकेने शाळांची मैदाने संध्याकाळी दोन तास मोकळी करावीत आणि ढोल ठेवायला एका खोलीची किल्ली द्यावी.

– वस्त्यांमध्ये ढोल-ताशा शिकवणारे प्रशिक्षक, पुणे