लेकीसाठी जगाचा इतिहास

ठाणे, रविवार दुपार

प्रिय सखे,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. लेकीला जगाचा इतिहास कुठला लावलास, असं विचारलं होतंस. माझंच ठरत नव्हतं, म्हणून उत्तर लांबलं. परवा एकदाचं ठरलं.

गणित-विज्ञान घरी शिकवताना कुठे अडलं नाही गं, इतिहासात मात्र मी महिनाभर अडकून पडले. दोन परदेशी ख्रिस्ती अभ्यासक्रमांचे नमुन्याचे धडे छापून आणले. एक चार वर्षांचा, प्राचीन काळापासून क्रमाने येणारा. पण लेक आता 12 वर्षांची. मुक्त विद्यालयाची दहावी वयाच्या 14व्या वर्षापासून देता येते, आणि तिला तेव्हाच द्यायची आहे. चार वर्षं कुठून आणू? दुसरा एकाच वर्षात उत्पत्तीपासून आजपर्यंत धावतो. त्यात सिंधू संस्कृतीला एक पान, अशोकाला चार ओळी, आणि मग भारत एकदम गांधीजींच्या वेळी उगवतो.

पण खरं बोचलं ते वेगळंच. 1099 साली क्रुसेडवाल्यांनी, म्हणजे धर्मयुद्धाला निघालेल्या युरोपातल्या ख्रिस्ती सैन्याने, जेरुसलेम जिंकलं, एवढंच त्यात लिहिलंय. शहरात मुसलमान आणि यहुदी कापले गेले, त्याबद्दल अवाक्षर नाही. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याच्या आरोपावरून लोकांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, 1560 ला सुरू झालं ते मधली थोडी वर्षं सोडता 1812 पर्यंत चाललं, त्याचाही पत्ता नाही. उद्या कुणीतरी हे तिच्या तोंडावर फेकेल. त्याआधी तिला ते आईकडून कळायला हवं. श्रद्धा जपायची म्हणून पोरीपासून काही लपवायचं, हे मला जमणार नाही.

मागच्या रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही तलावपाळीवर बसलो होतो. तिला चीनला निघालेल्या मिशनऱ्यांची, इटलीतल्या तोलेंतिनोच्या फादर थॉमसची आणि त्यांच्या तीन सोबत्यांची, गोष्ट सांगितली. होर्मुझहून कोल्लमला निघालेलं त्यांचं जहाज ठाण्याला येऊन लागलं आणि 1321 साली ते चौघे इथेच मारले गेले. त्यांच्याबरोबरच आलेल्या फादर जॉर्डनसनी त्यांना सोपाऱ्याला पुरलं, आणि पुढे फादर ओडोरिक नावाचे दुसरे मिशनरी त्यांच्या अस्थी थेट चीनला घेऊन गेले. तिने लगेच विचारलं, "आई, पण त्यांना चीनला कशाला जायचं होतं?" घरी येऊन नकाशा उघडला. मंगोलांचं राज्य निघालं, त्यांच्या राजधानीत पोपने नेमलेला आर्चबिशप निघाला, मोसमी वारे आणि होर्मुझचा घोड्यांचा व्यापार निघाला. आठवडा त्यातच गेला, आणि पाठ काहीच करावं लागलं नाही!

तेव्हाच ठरवलं, चार वर्षांचाच घ्यायचा. त्यात क्रुसेडची कत्तल स्पष्ट लिहिली आहे. स्वाध्यायाच्या वह्या बाजूला ठेवून चार भाग दोन वर्षांत वाचून काढायचे. भारत त्यातही तोकडाच आहे, म्हणून बालभारतीची सहावी ते आठवीची इतिहासाची पुस्तकं आणली. हॉलच्या भिंतीवर कागदाची लांब पट्टी लावली आहे. वरच्या अंगाला जग, खाली "तेव्हा आपल्याकडे". 1321 च्या खाली तिने स्वतः ठाणे लिहिलं, तेही लाल शाईने.

इन्क्विझिशनचा धडा मात्र मलाच लिहावा लागणार आहे. तुझे बाबा गोव्याच्या जुन्या गोष्टी सांगायचे, त्यांतलं काही आठवत असेल तर कळव. नमुन्याची पानं उद्या पोस्टात टाकते. नाताळात येशील तेव्हा तुझ्या लेकालाही त्या पट्टीवर लिहायला बसवू.

तुझीच