शुभे, ठाण्याला उतरू नकोस

प्रिय शुभे,

तुझा व्हॉइस मेसेज काल रात्री दोनदा ऐकला आणि मग झोपच नाही आली बघ. काकू आणि चिनू दोघांना घेऊन येतेयस, तेही नाताळच्या सुट्टीत चार दिवस! फोनवर सांगत बसले तर अर्धं राहून जाईल म्हणून लिहूनच पाठवतेय, गाडीत बसल्यावर निवांत वाच.

तू विचारलंस की मुंबई बघायला सुरुवात कुठून करू, गेटवेपासून का. सांगते. देवगिरी एक्सप्रेसनं येताय ना, मग कल्याण मागं पडेल, ठाणं येईल, आणि तुझे दीर म्हणतायत तसं तुलाही वाटेल की हिचं घर ठाण्यातच आहे, इथंच उतरू, कशाला पुढं जायचं. उतरू नकोस. शेवटपर्यंत ये, सीएसएमटीला, जिथं रूळ संपतात तिथं. मी उभी असेन प्लॅटफॉर्मवर.

का ते पण सांगते. मी २००९ ला पहिल्यांदा आले तेव्हा मामांनी टॅक्सी करून एका दिवसात सगळं दाखवलं होतं, गेटवे, हाजीअली, सिद्धिविनायक, जुहू, कुठंच अर्धा तासपण थांबलो नाही. त्यांनी प्रेमानंच केलं गं, पण मला आज त्यातलं फक्त टॅक्सीची काच आणि सिग्नल आठवतात. मुंबई मला कळायला लागली ती फोर्टात नोकरी लागल्यावर, रोज स्टेशनातून ऑफिसपर्यंत चालत जाताना. म्हणून तुमचा पहिला दिवस मी कुणाला गाडीत घालवू देणार नाही.

आणि गेटवेचं असं आहे की ते दार समुद्राकडनं येणाऱ्यांसाठी आहे. इंग्रजांचा राजा पंचम जॉर्ज १९११ मध्ये बोटीनं आला त्याची आठवण म्हणून बांधलं, पूर्ण झालं १९२४ ला. २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण त्याच दारातून परत गेली. आपण रस्त्यानं जातो म्हणजे त्याच्या पाठीमागनं जातो. आपल्यासारख्या परभणीकडनं येणाऱ्यांचं दार म्हणजे बोरीबंदर, आताचं सीएसएमटी. काकू अजून बोरीबंदरच म्हणतात ना? मला फार आवडतं ते.

उतरल्यावर बाजूच्या गेटनं घाईघाईत बाहेर पडायचं नाही, लांबच्या गाड्या कडेच्या प्लॅटफॉर्मला लागतात आणि टॅक्सीवाले तिथनंच ओढतात. आपण पुढं लोकलच्या बाजूला चालत येऊ, तिथल्या जुन्या तिकीट हॉलमध्ये दोन मिनिटं थांबू आणि मान वर करून छत बघू. रोज लाखो लोक त्याखालून पळतात, वर कुणी बघत नाही. बाहेर दगडात माकडं, मोर, खारी कोरल्यात, गेटच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ, चिनूला शोधायला लावू. मग सबवेतून महापालिकेच्या बाजूला निघायचं आणि मागं वळून अख्खी इमारत बघायची. मी इतकी वर्षं बघतेय तरी अजून थांबते.

बॅगा माझ्या ऑफिसात ठेवू, पाच मिनिटांवर आहे, वॉचमन काकांना सांगून ठेवलंय, काकूंना तोंड-हातपाय धुवायची पण सोय होईल. नाश्ता समोरच्या गल्लीत पंचम पुरीवाल्याकडे, साधी बाकडी आहेत, पुरी गरम असते, बस.

मग दादाभाई नौरोजी रोडनं हळूहळू चालायचं. काकूंच्या गुडघ्यांची काळजी करू नकोस, या रस्त्याला इमारतींच्या खालूनच कमानींचा फुटपाथ आहे, ऊन लागत नाही, फक्त विक्रेत्यांमुळं गर्दी असते. हा सगळा भाग म्हणजे जुन्या किल्ल्याच्या आतला, १८६० च्या दशकात तट पाडले आणि नाव तेवढं फोर्ट राहिलं. पुढं हुतात्मा चौक. तिथं काकूंना बसवून सांगायचंय मला की मुंबई महाराष्ट्राला अशीच नाही मिळाली, संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेललेल्या माणसांचं हे स्मारक आहे, त्यात साधी गिरणीतली माणसं होती. मी ऑफिसला जाताना रोज तिथं एकदा बघते.

तिथनं ओव्हल मैदान. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, दुसऱ्या बाजूला गोल कोपऱ्यांच्या १९३० नंतरच्या इमारती, मधे पोरं क्रिकेट खेळतायत. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ ला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. पण मला काकूंना खरं सांगायचंय ते कापसाचं. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, मग आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि तो पैसा मुंबईत ओतला गेला. प्रेमचंद रायचंद नावाच्या कापसाच्या व्यापाऱ्यानं त्या टॉवरला पैसे दिले, आईचं नाव द्या म्हणून. राजाबाई म्हणजे त्याची आई. आणि रेल्वे आत घाटावर नेली तीही मुख्यतः कापूस बंदरावर आणायलाच. काकूंनी जन्मभर कापूस वेचलाय शुभे, त्यांना वाटता कामा नये की आपण कुणाच्या परक्या शहरात आलोय.

दुपारी कुठंतरी जेवून आराम. चारच्या पुढं टॅक्सीनं गेटवे, तिथं थोडं बसू, गर्दी वाटली तर लगेच निघू. सूर्यास्ताला मात्र मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर असायचं, डिसेंबरात सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळं उशीर चालणार नाही.

जुहू, बांद्रा, हिरोंचे बंगले पहिल्या दिवशी अजिबात नको, चिनू कितीही हट्ट करू दे. घारापुरी दुसऱ्या दिवशी, पण तो दिवस सोमवार नको, लेणी बंद असतात. तेव्हा बोटीतनं गेटवे समोरून दिसेल, ते खरं बघणं. पायऱ्या शंभराच्या वर आहेत, डोली मिळते, काकूंना विचारून ठरवू.

लोकलची भीती वाटतेय म्हणालीस. संध्याकाळी पाच ते नऊ आपण चढायचंच नाही. म्हणून मरीन ड्राइव्हवर आरामात बसू, जेवू, आणि नऊनंतर सीएसएमटीहून स्लो लोकल पकडू. गाडी तिथूनच सुटते त्यामुळं काकूंना लेडीज डब्यात बसायला जागा मिळेल, चिनू लहान आहे, आपल्याबरोबरच येईल. त्याला सांगून ठेव, १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी याच मार्गानं गेली, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, तीन इंजिनं होती, साहिब, सिंध आणि सुलतान. पाठ करून ये म्हणावं, भायखळा आलं की मी विचारणार आहे.

काकूंना नवीन चप्पल घेऊ नकोस, वापरातलीच घालू दे. आणि येताना तुझ्या हातची शेंगाचटणी आण, जास्त आण.

तुझीच,
मंजू